मंगे, ही भिंत तू बघून सांग

पेरुजा, इटली, रविवार दुपार

प्रिय मंगे,

इकडे सगळे ठीक. गिरीशची शुगर आटोक्यात आहे, माझी मान होती तशीच. ईशा मिलानला नोकरीत रमली. झालं.

आता खरं कारण. आम्ही घर घेतोय. दगडाचं, जुनं, डोंगरउतारावरच्या गावात. दुसऱ्या कुणाला हे लिहिलं असतं तर लगेच ‘अभिनंदन’ आलं असतं आणि खाली चार फुलं. तुझ्याकडून तसं येणार नाही हे माहीत आहे, म्हणून तुलाच लिहितेय.

गावाचं नाव गुब्बिओ. पेरुजाहून ईशान्येला, गाडीने पाऊण तासाच्या आसपास. इंजिनो डोंगराच्या अंगावर करड्या चुनखडीच्या दगडाचं अख्खं गाव चढत गेलंय. मधोमध पालात्सो देइ कोन्सोली हा चौदाव्या शतकातला मोठा वाडा आहे आणि त्याच्यासमोरचा मोठा चौक कमानींवर उचलून धरलाय, म्हणजे आपण चौकात उभे असतो आणि पायाखाली पोकळी असते. तू असतीस तर चौकाऐवजी आधी खाली जाऊन कमानी बघितल्या असत्यास. दरवर्षी १५ मेला तिथे चेरींची, म्हणजे उंच लाकडी खांबांची, शर्यत असते. संतांच्या मूर्ती वर बसवलेले तीन उंच लाकडी खांब, प्रत्येक अडीचशे किलोहून जड, खांद्यावर घेऊन लोक पळत पळत थेट डोंगरमाथ्यावरच्या संत उबाल्दोच्या चर्चपर्यंत जातात. गर्दी, घाम, आरोळ्या, सगळं गाव रस्त्यावर. मला ते इतकं आवडलं की डोळे भरून आले. आणि त्या रात्री हॉटेलात मला झोप लागली नाही. मिरवणूक संपल्यावर सगळं गाव थकून गाढ झोपलेलं, ती शांतता मला सोसत नाही. किल्लारीच्या भूकंपाची रात्र तुला सांगायची गरज नाही. अनंत चतुर्दशीनंतर तू अजून बाहेरच्या खोलीत झोपतेस हे मला ताईने सांगितलंय.

घर एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. तीन खोल्या, वर लाकडी तुळया, खाली भाजलेल्या विटांची फरशी, खिडकीतून सगळी दरी. ‘नूतनीकरण केलेलं’ असं जाहिरातीत लिहिलंय आणि ते खोटं नाही. न्हाणीघर नवं, स्वयंपाकघर नवं, दुहेरी काचा, गरम पाण्याचे पाइप नवे, गिलावा तर असा गुळगुळीत की हात फिरवत राहावंसं वाटतं. एजंट बाईंनी झोपायच्या खोलीतल्या भिंतीवर थाप मारली आणि म्हणाल्या, ‘सत्तर सेंटिमीटर!’ त्यांना वाटलं मी खूश होईन. सत्तर सेंटिमीटर म्हणजे सव्वादोन फूट, मंगे. सास्तूरच्या घराच्या भिंती किती होत्या? आजी काय म्हणायच्या आठवतं ना, तोफ लागली तरी हलायची नाही.

मी आधी दार कुठे आहे ते बघितलं. मग तिथून पलंग किती लांब येईल ते. मग वर बघितलं. गिरीश खिडकीपाशी उभा राहून दरी बघत होता आणि आनंदाने मला हाका मारत होता. तो नागपूरचा. त्याने ते सगळं पेपरात वाचलेलं. चांगला माणूस आहे, पण त्याला ते कसं सांगणार? परत येताना गाडीत मी बोलले नाही, तर त्याला वाटलं किंमत जास्त वाटतेय.

मला इथल्या भूकंपांचे आकडे पाठ आहेत. लाक्विला, ६ एप्रिल २००९, पहाटे ३.३२. अमात्रिचे, २४ ऑगस्ट २०१६, पहाटे ३.३६. आपलं किल्लारीचं ३.५६. सगळे झोपेतच गाठतात. अमात्रिचेच्या वेळी जवळजवळ ३०० माणसं गेली. टीव्हीवर ढिगारे दाखवत होते आणि मी गिरीशला म्हटलं, बघ, भिंतीचे दगड गोल आहेत आणि मधे नुसती माती आहे. त्याला पडद्यावर ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं. तुला तर आवाजावरून कळलं असतं.

पण नोर्चाचं मी तुला कधी लिहिलंच नाही. नोर्चा तिथून फार लांब नाही. तेही जुनं, दगडाचंच गाव. ऑगस्टच्या त्याच धक्क्यात नोर्चात एकही माणूस गेलं नाही. मग ३० ऑक्टोबरला ६.५ चा आला, अमात्रिचेच्याहून मोठा, थेट नोर्चाजवळ. संत बेनेदेत्तोचं चर्च कोसळलं, दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. घरांना तडे गेले, लोक महिनोन्‌महिने बाहेर राहिले, पण घरात दबून माणूस गेलं नाही. कारण १८५९च्या भूकंपानंतर तिथे पोपच्या सरकारने घरं किती उंच बांधायची, कशी बांधायची याचे नियमच घालून दिले होते, आणि १९७९ आणि १९९७च्या धक्क्यांनंतर लोकांनी भिंती पुन्हा बांधून-आवळून घेतल्या. दोन्ही गावांत दगडच होता. हे वाचलं तेव्हा मला तुझा राग आला, खरं सांगते. कारण तू अण्णांच्या वाड्यावरून माझ्याशी भांडताना हेच म्हणत होतीस. दगड वाईट नसतो, बांधणी वाईट असते.

त्या भांडणाबद्दल एकदा लिहूनच टाकते. भूकंपानंतर अख्खा उमरगा पत्र्याखाली नाहीतर स्लॅबखाली राहायला गेला, आणि तू अण्णांना वाडा पाडू दिला नाहीस. माळवदावरची माती काढून हलकं केलंस, दाराच्या वर चारी बाजूंनी बँड, म्हणजे भिंती आवळणारा पट्टा, फिरवलास, भिंतीत ठिकठिकाणी आरपार भोकं पाडून सळई घातलेलं काँक्रीट भरलंस, भिंतीचे आतला-बाहेरचा दोन्ही पदर एकमेकांना बांधलेस. मी सुट्टीला आले तेव्हा त्या घरात झोपले नाही, हॉटेलात राहिले. काकू रडल्या. तू मला म्हणालीस, तुझी भीती शहाणी नाही. मला ते अजूनही पटलेलं नाही. भीती आपल्याला जे शिकवून गेली ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, आणि तूही इंजिनिअर झालीस ती त्या भीतीपायीच. पण वाडा उभा आहे हेही खरं.

तर आता माझ्या भिंतीचं. आम्ही आमच्यातर्फे एक स्ट्रक्चरल इंजिनिअर नेला. पन्नाशीतला, अबोल गृहस्थ. त्याने लहान हातोडीने भिंतीवर टकटक केली आणि भिंतीला कान लावून बराच वेळ उभा राहिला. एजंट बाई गोंधळल्या, मला मात्र हसू आवरेना. माझ्याच लग्नात तू मांडवाचा खांब हलवून बघितला होतास आणि गिरीशच्या मामांनी विचारलं होतं, ह्या कोण?

त्याचं म्हणणं असं. भिंत दोन पदरांची आहे. बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड, मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे आणि चुना. चुना चांगला असेल तर ठीक, भुगा झाला असेल तर दोन्ही पदर धक्क्यात वेगळे होतात आणि बाहेरचा पोटातून फुगून पडतो. तुमचा थ्रू स्टोन, दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड, इथेही असतो, पण गिलाव्याखाली तो आहे की नाही हे वरून कळत नाही. वाड्याच्या तीन बाजूंना भिंती आवळणाऱ्या लोखंडी सळया आहेत, बाहेर त्यांच्या टोकांना मोठ्या पट्ट्या दिसतात. चौथ्या, दरीच्या बाजूला, नाहीत. आणि मंगे, छप्पर. १९८४च्या एप्रिलमध्ये गुब्बिओला भूकंप झाला होता, त्यानंतरच्या डागडुजीत वाड्याचं लाकडी छप्पर काढून काँक्रीटचं घातलंय. त्या काळी इथे तेच करायचे, मजबुती म्हणून. मग १९९७ला सेल्लानोसारख्या गावांत दिसून आलं की खालची भिंत सैल ठेवून वर जड स्लॅब टाकला की तो स्लॅब एका तुकड्यात राहतो आणि खालची भिंतच निसटते. हे ऐकताना मला आपलं माळवद दिसत होतं. दोन-दोन फूट माती, दरवर्षी पावसाआधी वर नवा थर.

नूतनीकरणाच्या कागदात न्हाणीघराच्या नळापर्यंत सगळं आहे. भिंतीच्या पोटात काही भरलं का, याचं एक अक्षर नाही. आणि कायदा बघ कसा आहे: घर विकताना ते थंडीत किती ऊर्जा खातं याचा दाखला सक्तीचा. भूकंपासाठी २०१७ पासून ए प्लस ते जी अशा आठ श्रेण्या केल्यात, पण विकताना तो दाखला द्यायलाच हवा असं नाही. मला याचा इतका संताप येतो की मी नोटरीच्या ऑफिसात जरा जोरातच बोलले.

इंजिनिअर म्हणतो, भिंतीला बोटाएवढं भोक पाडून आत कॅमेरा घालू, मग खात्रीने सांगतो. पण आतल्या खोलीत जुन्या भित्तिचित्राचा तुकडा निघालाय आणि वाडा संरक्षित यादीत आहे. म्हणजे २००४च्या वारसा कायद्याखाली, बोटाएवढं भोक असलं तरी खात्याची परवानगी. विकणारी भावंडं आहेत, एक इथे, बाकी परदेशात, आणि त्यांना भोक नकोच आहे. थोरला मला म्हणाला, सातशे वर्षं उभंय, अजून काय पुरावा हवा? मी त्याला उत्तर दिलं नाही. त्याच्या आजीने आजींसारखंच काहीतरी सांगितलं असणार.

बाकी कागदपत्रांचं तुला थोडक्यात, कारण तू विचारशीलच. आमचा वास्तव्याचा परवाना पक्का आहे, त्यामुळे घर घ्यायला अडचण नाही. आधी प्राथमिक करार, त्यावर बयाणा. आम्ही माघार घेतली तर बयाणा बुडतो, त्यांनी घेतली तर दुप्पट परत द्यावा लागतो. मग नोटरीपुढे खरेदीखत. राहतं पहिलं घर म्हणून नोंदणी कर ९ ऐवजी २ टक्के, तोही बाजारभावावर नाही, सरकारी दप्तरातल्या मूल्यावर, पण १८ महिन्यांत मुक्काम त्या गावात नोंदवावा लागतो. खरेदीखतात एक ओळ येणार आहे की ही इमारत १ सप्टेंबर १९६७ पूर्वीची आहे. चौदाव्या शतकातला वाडा, आणि तशी ओळ! गिरीश दोन दिवस हसत होता. आणि संरक्षित असल्यामुळे, सही झाल्यावरही कळवल्यापासून ६० दिवस सरकारला त्याच किमतीत ते स्वतः घ्यायचा हक्क असतो. तोवर किल्ली द्यायलाच बंदी. गिरीशला ते ६० दिवस फार वाटतात. मला बरे वाटतात.

करारात मी एक अट घालायला लावली आहे: भिंतीची तपासणी झाली आणि इंजिनिअरने लेखी दिलं तरच करार लागू. एजंट बाई म्हणाल्या, अशाने घर हातचं जाईल. जाऊ दे. पण मंगे, मला ते हवंय. हे तुला सोडून कुणाला कबूल करणार नाही. पस्तिशीपासून भाड्याच्या काँक्रीटच्या चौथ्या मजल्यावर राहतेय, आणि परवा त्या खोलीत भिंतीला हात लावला तर ती गार होती, सास्तूरला वैशाखात असायची तशी. आपण दोघी पाठ टेकून बसायचो तिथे. मला तो गारवा हवाय आणि त्याच्याखाली झोपायची भीती वाटते. दोन्ही एकदम. गिरीशला यातलं पहिलं कळतं.

आणखी एक, जे इंजिनिअरने जाता जाता सांगितलं. वाडा सुटा नाही, दोन्ही बाजूंच्या घरांशी भिंती सामायिक. आपण आपला मजला कितीही आवळला तरी शेजारच्याने त्याच्या तळघरात कमान फोडून गॅरेज केलं असेल तर त्याचं ओझं आपल्यावर. म्हणून सगळ्या घरमालकांची बैठक बोलवायची, दरीच्या बाजूला सळया टाकायचा आणि भिंतीत चुन्याचा घोळ भरायचा खर्च वाटून घ्यायचा. तळमजल्यावर एक ऐंशीच्या पुढच्या बाई राहतात. त्यांना १९८४ आठवतं. मी त्यांना विचारलं, तर त्या नुसतं माझा हात धरून बसल्या. त्या तयार आहेत. बाकीच्यांना मी तयार करेन. तू जसं गल्लीतल्या सगळ्यांना पकडून बँड टाकायला लावलास, तसंच. तेव्हा लोक तुला काय काय म्हणायचे!

तुझं काय? चिन्मयचं बारावीचं कळलं, शाब्बास सांग. त्याला पुण्याला पाठवतेयस की लातूरलाच? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आता टाळू नका. बदलीचं जे चाललंय ते सविस्तर लिही, फोनवर तू नुसतं ‘चाललंय’ म्हणतेस.

सोबत फोटो आणि आराखडे पाठवतेय. आधी दरीकडच्या भिंतीचा फोटो मोठा करून बघ, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली रेघ गिलाव्याची आहे की आतली, ते मला कळत नाही. आणि छपराच्या स्लॅबचं टोक भिंतीवर किती टेकलंय ते आराखड्याच्या तिसऱ्या पानावर आहे, मोजमापं मेट्रिकमध्येच आहेत. पुढच्या गुरुवारी करारावर सही आहे. त्याआधी लिही, फोन करू नकोस, फोनवर आपण भांडतो. घेऊ नको म्हणालीस तर का ते लिही. घे म्हणालीस तर सळया कुठे टाकायच्या ते खुणा करून पाठव, मी ते कागद त्या इंजिनिअरसमोर ठेवते.

तुझी,
रेखा