सुरूचे बन पायी पाहू द्या: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कोकण किनाऱ्यावरील सुरूबनांत शिरणारी वाहने, पेटणाऱ्या चुली आणि पर्यटकांसाठी पायवाटा

महोदय,
स.न.वि.वि.

आक्षी, नागाव, काशीद, दिवेआगर, आरे-वारे, भाट्ये, शिरोडा. या किनाऱ्यांवर माणसे येतात समुद्रासाठी, पण ऊन चढले की चटई अंथरतात ती सुरूखाली. दुपारी बाराला पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूवर, पाय ठेववत नाही, तेव्हा बनात गारवा असतो आणि वाऱ्याची ती अखंड सूं सूं. लोकांनी तिथे यायलाच हवे. आमची मागणी एकच आहे: त्यांची गाडी बनाबाहेर थांबू द्या आणि त्यांना आखलेल्या वाटेने पायी आत न्या.

आधी झाडाविषयी, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. मुंबई-पुण्याचे पाहुणे याला पाइनचे जंगल म्हणतात. टोकदार सुया, जमिनीवर पडलेली शंकूसारखी फळे, सरळ खोडे, दिसते तसेच. पण सुरू सूचिपर्णी नाही, फुले येणारा वृक्ष आहे. खाली पडलेली एक सुई उचलून दोन्ही टोकांनी हलके ओढली, तर ती पेरापेरांवर सुटते. प्रत्येक पेरापाशी सहा-आठ बारीक दातांचे कडे दिसते. ते दात म्हणजे सुरूची खरी पाने, आणि ज्याला आपण सुई म्हणतो ती हिरवी डहाळी. दोन सेंटिमीटरच्या त्या खरबरीत 'शंकू'च्या कप्प्यांतून निघते ते पंख असलेले, एकच बी असलेले फळ. सह्याद्रीत मूळचा सूचिपर्णी वृक्ष एकच, तोही दूर दक्षिणेकडच्या डोंगरांत. कोकणच्या किनाऱ्यावर एकही नाही. सुरू आपल्याकडे लावला गेला. तो मूळचा आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरचा.

हा फरक व्यवहाराचा आहे. पाइन शतकानुशतके उभा राहतो, सुरू चाळीस-पन्नास वर्षांत म्हातारा होतो. एकाच पावसाळ्यात लावलेले बन एकदमच म्हातारे होते. शिवाय पुळणीत थोडे खणले की पाणी लागते, त्यामुळे मुळे खोल न जाता आडवी पसरतात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा सुरू मुळांच्या अख्ख्या चकतीसकट उलथले. आडव्या मुळांवर उभे असलेले हे झाड वादळाआधीच कमकुवत करायचे असेल, तर मुळांवरची वाळू काढून टाकणे पुरे. गाड्या नेमके तेच करतात.

ते कसे होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. सुरूखाली पातेऱ्याचा, म्हणजे गळून पडलेल्या सुयांचा, वीतभर जाड थर असतो. तो लवकर कुजत नाही. वाळूतली ओल धरतो आणि वाऱ्याला वाळू उचलू देत नाही. गाडी दोन-चारदा गेली की चाकोरीतला पातेरा फाटतो. मग उघडी पडलेली वाळू वाऱ्याबरोबर निघते, चाकोरी खोल होते आणि मुळे वर येतात. पुढचे चाक त्या मुळांची साल सोलते. चाक रुतले की लोक जवळच्याच सुरूच्या फांद्या मोडून चाकाखाली घालतात. बनापुढच्या वाळूच्या टेकाडावर याहून वाईट घडते. तिथली, वाळूवर पसरून तिला धरून ठेवणारी मर्यादवेल चाकाखाली चिरडली की टेकाडाला खिंड पडते. खाऱ्या वाऱ्याचा सगळा जोर त्या खिंडीत एकवटतो, दर हंगामाला ती रुंदावते, उधाणाचे पाणी आत येऊ लागते आणि समुद्राकडची सुरूची रांग पायाखालची वाळू जाऊन पडते. मग तिच्यामागची. गावकरी म्हणतात 'समुद्र पुढे आला'. बऱ्याच ठिकाणी त्याला वाट आपणच करून दिलेली असते.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. गावाकडच्या बाजूला, बनाच्या कडेला, वाहनतळ. त्यापुढे लाकडी किंवा दगडी खुंट, दोन खुंटांत सव्वा मीटरचे अंतर: माणूस, बाळाची गाडी, चाकांची खुर्ची जाईल; मोटार जाणार नाही. दुचाकी मात्र अशा फटीतून सहज जाते, म्हणून खुंटांमागे एक वळसा घालणारा कठडा हवा. नुसती साखळी लावू नका, ती पहिल्या सुट्टीतच तुटते. बनातून पातेऱ्यावरूनच दोरीने आखलेली वाट पुरते. तिथे पेव्हर ब्लॉक नकोत, त्यांखाली मुळे गुदमरतात आणि वर्षभरात ब्लॉक उचलतात. वाळूच्या टेकाडावरून मात्र फळ्यांचा पूल हवा. दीड मीटर रुंद, वेलीच्या वर किमान अर्धा-पाऊण मीटर, फळ्यांमध्ये बोटभर फट, म्हणजे वाळू आणि पाऊस खाली पडतो व वेल जगते. आणि हा पूल समुद्राकडे सरळ काढू नये. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला तिरका, मध्ये एक वळण देऊन काढावा. सरळ काढलेली वाट म्हणजे वाऱ्यासाठी खोदलेला पाट. लोखंडी खिळे-बोल्ट खाऱ्या हवेत गंजतात. तिथे स्टेनलेस स्टीलच वापरावे लागेल, आणि निविदेत ते स्पष्ट लिहावे लागेल.

आता आगीचे. डिसेंबरच्या अखेरीपासून मेपर्यंत बनांत सहलींच्या चुली पेटतात. तीन दगड मांडायचे, खालीच पडलेल्या सुरूच्या काटक्या घालायच्या. सुरूचे सरपण फार कडक जळते, त्यामुळे निखारा खूप टिकतो. जेवण झाले की लोक चांगल्या हेतूने त्यावर वाळू ओढतात आणि चूल विझली असे समजतात. वाळूने ज्योत जाते, निखारा जात नाही. वाळू त्याची धग धरून ठेवते. वरून काही दिसत नाही. तासाभराने अनवाणी मुलाचा पाय त्यावर पडतो, किंवा कडेचा पातेरा आतून धुमसत जाऊन संध्याकाळच्या वाऱ्यावर पेट घेतो. निखारा विझवायचा तर पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा ओतायचे आणि पालथा हात जवळ नेऊन धग पाहायची. पण आमचे मत स्पष्ट आहे: बनात चूल नकोच. स्वयंपाकासाठी वाहनतळाजवळ सिमेंटचे ओटे आणि पाण्याचा नळ द्या. गावाच्या बाजूला तीन-चार मीटरचा पट्टा दर जानेवारीत झाडून जाळरेषा, म्हणजे आग पसरू न देणारी मोकळी पट्टी, ठेवा. आतला पातेरा मात्र 'स्वच्छता मोहिमे'त भरून नेऊ नका, आणि किनारा साफ करताना मर्यादवेल जेसीबीने खरवडू नका.

भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार राखीव वनात आग पेटवणे गुन्हा आहेच. अडचण अशी की सगळी सुरूबने राखीव वनात येत नाहीत. काही सामाजिक वनीकरणाने लावलेली, काही महसुली जमिनीवरची. वाळूच्या टेकड्या मात्र 2019 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत सर्वांत संवेदनशील गटात आहेत, मग जमीन कोणाचीही असो. वनरक्षक, तलाठी आणि ग्रामसेवक यांपैकी गाडी अडवायची कोणी, हे एका लेखी आदेशाने ठरले तर निम्मा प्रश्न सुटेल. आज ते तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

वेळास, आंजर्ले, दिवेआगर, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले बाहेर पडली की जिकडे उजेड तिकडे जातात. बनातले हॅलोजन आणि मोटारींचे दिवे त्यांना समुद्राऐवजी गावाकडे ओढतात. नोव्हेंबर ते मे या काळात सूर्यास्तानंतर बन बंद ठेवणे आम्हाला योग्य वाटते.

नव्या लागवडीबद्दल थोडे सविस्तर, कारण चूक इथेच पुन्हा पुन्हा होते. वादळानंतर पडलेल्या जागी टेकाड सपाट करून पुन्हा निव्वळ सुरू लावू नये. दोन बाय दोन मीटरवर हेक्टरी 2,500 रोपे, सगळी एका वयाची, हे कागदावर सोपे दिसते. चाळीस वर्षांनी तीच पाळी परत येते. समुद्राकडची पहिली पट्टी झाडांसाठी नाहीच. तिथे मर्यादवेलीचे हातभर लांबीचे तुकडे, दोन-तीन पेरे वाळूत पुरून, मृगाच्या पहिल्या पावसात लावावेत. त्यामागे केतकी आणि निर्गुंडी. त्यामागे सुरू, पण तुकड्या-तुकड्यांनी, पाच-सहा वर्षांच्या अंतराने. आणि त्याच्या सावलीत उंडी, भेंडी, करंज. सुरूच्या मुळांवरच्या गाठींत नत्र धरणारे जिवाणू असतात. म्हणून रोपवाटिकेत पिशवीच्या मातीत जुन्या सुरूखालची मूठभर माती मिसळावी, नाहीतर रोपे पिवळी राहतात. उंडीची बी तशीच पुरली तर उगवायला फार वेळ घेते. कवच हलक्या हाताने फोडून लावली तर रोपे जूनपर्यंत तयार होतात. लागवड जूनमध्येच उरकावी. ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाची मुळे पाऊस सरेपर्यंत ओलीपर्यंत पोहोचत नाहीत, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते जाते.

जुन्या झाडांची पाहणी दरवर्षी मे महिन्यात व्हावी. उघडी मुळे, बुंध्याशी पोकळी, लटकलेल्या फांद्या असलेल्या झाडांवर रंगाची खूण करून पाऊस येण्याआधी ती उतरवावीत. झोपाळे आणि झिपलाइनचे दोर अशा झाडांना बांधलेले आम्ही पाहतो. ते तात्काळ सोडवले पाहिजेत. हवामान खात्याचा वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी बन बंद.

वाहनतळाची पावती आज बहुतेक ठिकाणी फाडली जाते. तो पैसा संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे वळवून त्यातून गावातलीच चार माणसे राखणीला ठेवता येतील. झाडाची सुई पेरापेराने उलगडून दाखवणारा माणूस तिथे असेल, तर पाहुणे पायी चालायला कुरकुरत नाहीत.

नाताळच्या सुट्टीची गर्दी उसळण्याआधी निदान खुंट आणि ओटे एवढे तरी प्रत्येक तालुक्यातल्या एका बनात उभे राहावेत. जागेवर येऊन आखणी करून द्यायला आम्ही तयार आहोत.

कळावे,

आपले,
कोकण किनाऱ्यावरील काही ग्रामस्थ, रोपवाटिका चालवणारे आणि निसर्ग-वाटाडे