आबा, जरा डावीकडं सरका

रिक्षावाले मामा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सकाळी साडेसहापासून दिवेलागणीपर्यंत मी तुम्हाला 'मामा' म्हणत राहिले, तुमच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले अण्णाही 'मामा'च म्हणत राहिले, आणि नाशिकची गाडी सुटल्यावर लक्षात आलं की या माणसाचं नाव आपल्याला ठाऊकच नाही. खूण म्हणाल तर रिक्षाच्या मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत 'जगात भारी कोल्हापुरी' एवढीच. तशा तुमच्या गावात निम्म्या रिक्षा असतील. म्हणून हे उघडं पत्र. कुणाच्या तरी हातून तुमच्यापर्यंत पोचेल.

आदल्या दिवसाबद्दल तुम्हाला रिक्षात काही बोलले नव्हते. अण्णा शेजारी होते. एका ट्रॅव्हल्सवाल्यांची दोन दिवसांची 'हिवाळी सहल' घेतली होती आम्ही, नाव कशाला घ्यायचं. पहिल्या दिवशी अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर वीस मिनिटं आणि चपलांच्या दुकानात सव्वा तास. गाइड मुलगा चुणचुणीत होता, पण सगळं माझ्याकडे बघून बोलायचा. 'आजोबांना चहा चालतो का?' 'आजोबा चालू शकतील का?' आजोबा शेजारीच उभे! रंकाळ्यावर म्हणाला, "त्यांना काय ऐकू येणार नाही मॅडम, गाडीतच बसू द्या." आणि मी बसू दिलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण बसू दिलं. परत आले तेव्हा अण्णा काच खाली करून तळ्याकडे बघत होते. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसाचे पैसे बुडाले तरी चालतील, पण त्या गाडीत पुन्हा बसायचं नाही, असं मी ठरवलं.

सकाळी लॉजबाहेरच्या टपरीवर तुम्ही भेटलात. अण्णा चहा पीत होते, टपरीवाला काहीतरी विचारत होता आणि अण्णा नेहमीसारखी मान डावीकडे वळवून उजवा कान पुढे करत होते. तुम्ही ते पाहिलं असणार. कारण आम्ही रिक्षात बसल्यावर तुम्ही चावी फिरवलीच नाहीत. मागे वळलात आणि मला नाही, थेट अण्णांना म्हणालात, "आबा, जरा डावीकडं सरका की. म्हंजे चांगला कान माझ्याकडं येतोय बघा. मग मला वरडाय नको आन् तुमास्नी वाकाय नको."

आम्ही जागा बदलल्या. मी उजवीकडे, अण्णा डावीकडे.

मामा, अण्णा सदतीस वर्षं छापखान्यात होते. मशीन कायम डाव्या हाताला. तो कान तिथेच गेला. कानाचं यंत्र घेतलंय, ते कपाटात असतं. घरात आम्ही सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलतो, आणि मोठ्याने बोललं की माणूस रागावल्यासारखाच वाटतो. इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही की आवाज वाढवण्यापेक्षा बसण्याची बाजू बदलावी. तुम्हाला ते एका कटिंगमध्ये सुचलं.

मग तुम्ही आम्हाला जे कोल्हापूर दाखवलंत ते सहलीच्या कागदावर कुठेच नव्हतं. पंचगंगेच्या घाटावर धुकं इतकं होतं की पात्रातल्या देवळांचे नुसते कळस दिसत होते. नदी चारच मिळून झाली, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, पाचवी सरस्वती गुप्त, हे तुम्ही रिक्षा चालवता चालवता साध्या आवाजात सांगितलंत, आणि अण्णांनी लगेच विचारलं, "मग संगम कुठे?" मी दचकले. अण्णा स्वतःहून प्रश्न विचारतात हे मी विसरले होते. तुम्ही शिवाजी पूल ओलांडून आम्हाला प्रयाग चिखलीच्या बाजूला नेलंत.

तिथलं गुऱ्हाळ मी विसरणार नाही. घाण्याचा आवाज, चुलवाणात कोंबलेल्या चिपाडांचा जाळ, काहिलीत रटरटणारा रस आणि मळीच्या फेसाचा तो आंबूस-गोड वास. रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, तो गुळव्या ती झाऱ्याने काढत होता. मग त्याने पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली, कानाशी नेऊन भांड्यावर टण्णकन वाजवली आणि हात वर केला. झालं, काहील उतरवा! डिसेंबरच्या गारठ्यात त्या धगीपाशी उभं राहण्याचं सुख काय सांगू. मला वाटलं होतं या गोंगाटात अण्णांना काहीच कळणार नाही. तुम्ही त्यांच्या उजव्या खांद्याशी वाकून एकेक गोष्ट सांगत होतात. काकवी घेऊन बाई आली ती समोरून बोलायला लागली, तर तुम्ही नुसतं बोटाने दाखवलंत. ती वाटी सांभाळत अण्णांना वळसा घालून उजवीकडे गेली आणि म्हणाली, "थांबा, गरम गूळ पण आणतो की मी."

परतताना अण्णा एकटेच हसत होते. काय झालं विचारलं तर म्हणाले, "बाई 'आणतो' म्हणाली." तुम्ही आरशातून बघत म्हणालात, "आमच्यात बायका अशाच बोलत्यात आबा. भ्यायचं न्हाई." त्यांना ऐकू आलं होतं, मामा. नुसता आवाज नव्हे, 'आणते' आणि 'आणतो'मधला फरकसुद्धा.

टाऊन हॉलबद्दलही लिहायला हवं. १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेली ती उंच टोकदार इमारत आम्ही आदल्या दिवशी गाडीतून पाहिली होती. गाइड म्हणाला होता, "जुनं ऑफिस आहे कसलं तरी." तिथे संग्रहालय आहे! ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकामात सापडलेली वीतभरही नसलेली काशाची मूर्ती, पोसायडनची. "समुद्राचा देव हाय त्यो," तुम्ही म्हणालात, "रोमकडनं आला आन् घावला आमच्या नदीकाठाला." सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल घाट चढून इथवर यायचा, हे अण्णांनी मला समजावून सांगितलं. कधी वाचलं होतं कोण जाणे. विचारणारं कुणी नव्हतं एवढंच.

खासबागेत तुम्ही त्यांना वरच्या कडेला बसवलंत. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं कुस्तीचं मैदान. मधला हौद खाली आणि माणसं वर चढत्या उतारावर, म्हणजे शेवटच्या माणसालाही डाव दिसावा. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह पत्र्यांच्या आड होतं. ऑगस्ट २०२४ च्या आगीबद्दल मी बातम्यांत वाचलं होतं. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "त्या रात्री अर्धं गाव हितं रस्त्यावर उभं हुतं." आणि पुढे काही नाही. आम्हीही काही विचारलं नाही.

बिंदू चौक मात्र अण्णांनी मागून घेतला. बाबासाहेब हयात असताना, ९ डिसेंबर १९५० रोजी, समाजसुधारक भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने तिथे बाबासाहेबांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा उभा राहिला, हे त्यांनी छापखान्यात कधीतरी जुळणी करताना वाचलं होतं. तेव्हापासून मनात होतं म्हणे. हे मला माहीत नव्हतं. गर्दीच्या वेळी तुम्ही रिक्षा कडेला लावलीत, मागच्यांचे हॉर्न आणि शिव्या खाल्ल्यात, आणि अण्णा टोपी काढून हवं तेवढा वेळ उभे राहिले.

संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध. ग्लास हातात कोमट लागत होता. अण्णांच्या मिशीला फेस. फोटो आहे माझ्याकडे. तुमचा नंबर असता तर पाठवला असता.

पैशांचं काही लिहीत नाही. तुम्ही घेतलेत ते वाजवी होते, आणि चांगल्या माणसाने फुकट राबावं असं मला वाटत नाही. पण त्या गाइडनेही पैसे घेतलेच होते की, तुमच्या तिपटीने. माणसाशी माणसासारखं बोलायला कोणतं शिक्षण लागतं, ते मला अजून कळलेलं नाही. लॉजवरच्या पोऱ्यापासून आमच्या नाशिकच्या डॉक्टरांपर्यंत सगळे अण्णांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात. आता मी त्यांना सांगते, "त्यांना विचारा. उजवीकडून."

परत आल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलाची जागा बदलली. आधी अण्णा उजव्या टोकाला, भिंतीकडे बसायचे आणि चांगला कान भिंतीला. आता ते डाव्या टोकाला बसतात. पहिल्या रात्री माझी मुलगी शाळेतलं काहीतरी हळू आवाजात आपल्या बाबांना सांगत होती, बहुधा माझ्यापासून लपवायचं होतं. अण्णा पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "किती मार्क पडले म्हणालीस?"

तुमची,
उजवीकडे बसलेली ताई