हत्यार जमा करून घेताय, तर तपासूनही घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सकाळी फिरून झालं की साताऱ्यात राजवाड्याजवळ आम्ही पाच-सहा माजी सैनिक चहाला बसतो. बहुतेकांकडे लायसन्सचं हत्यार आहे, कारण पेन्शनीनंतर कुणी बँकेत, कुणी साखर कारखान्यावर गार्ड म्हणून लागला. गेले काही महिने आमच्यात एकाच विषयावर वाद चालू आहे, तो म्हणजे अमेरिकेतल्या सिग सॉअर कंपनीचं पी-३२० पिस्तूल. ते ट्रिगरला बोट न लावता उडतं की नाही? एक जण म्हणतो, हत्यार कधी आपोआप उडत नाही, उडवतो तो माणूस. दुसरा म्हणतो, एवढे पोलीस आणि एवढे सैनिक खोटं बोलतील का? मी २४ वर्षं फौजेच्या ईएमई या यंत्रदुरुस्ती शाखेत आर्मरर, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा कारागीर, होतो. शेकडो हत्यारं खोलली, जोडली. म्हणून या वादात मला जे दिसतं ते लिहितो, आणि त्यातून आपल्या जिल्ह्यासाठी एक मागणीही करतो.

आधी त्या पिस्तुलाची हकीकत. ते २०१४ साली बाजारात आलं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकन सैन्याने त्याचीच एम-१७ आणि एम-१८ ही रूपं निवडली. त्याच वर्षी उन्हाळ्यात असं दिसलं की बाजारातलं पिस्तूल पाठीच्या बाजूवर ठराविक कोनात आपटलं, तर ट्रिगर स्वतःच्या वजनाच्या झटक्यानेच मागे जातो आणि बार उडतो. ऑगस्टमध्ये कंपनीने हलका ट्रिगर आणि आतले काही भाग बदलून द्यायची तयारी दाखवली, पण बदल करून घ्यायचा की नाही हे मालकावर सोडलं. याचं कारण बघा. तिथल्या कायद्याने ग्राहकांच्या वस्तूंची सुरक्षितता पाहणाऱ्या सरकारी आयोगाच्या कक्षेतून बंदुका वगळल्या आहेत. सदोष पंखा किंवा खेळणं तो आयोग परत मागवायला लावू शकतो, सदोष पिस्तूल नाही.

त्यानंतरच्या तक्रारी वेगळ्या आहेत. पिस्तूल पडलेलं नाही, आपटलेलं नाही, नुसतं होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, असताना उडालं आणि मांडीत, पायात गोळी गेली, असं सांगणारे लोक कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्युरीने अशा एका माणसाला १ कोटी १० लाख डॉलर द्यायला सांगितले. या तक्रारींवर कंपनीचं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे, की ट्रिगर ओढल्याशिवाय हे पिस्तूल उडूच शकत नाही. मग जुलै २०२५ मध्ये वायोमिंगमधल्या एका हवाई तळावर एम-१८ ची गोळी लागून एक जवान गेला. तो तळ ज्या कमांडखाली येतो, त्या हवाई दलाच्या कमांडने आपल्याकडची सगळी एम-१८ वापरातून काढून तपासायला घेतली. पुढे त्याच प्रकरणात एका सहकारी जवानाला अटक झाली आणि तपासणीनंतर पिस्तुलं पुन्हा वापरात आली.

अटकेची बातमी आली त्या दिवशी आमच्यातला पहिला गट खूश झाला. बघा, शेवटी माणूसच निघाला! मला त्यात खुशीचं काही दिसलं नाही. माणूस निघाला हे कळलं कधी? चौकशी झाली तेव्हा. आणि हत्यारं ठीक आहेत की नाहीत हे कळलं ते एकेक तपासून पाहिल्यावर. आधीच कुणी ठरवून टाकलं असतं तर दोन्हीपैकी काहीच कळलं नसतं.

आमच्यातले काही म्हणतात, ते नऊ एमएमचं पिस्तूल, आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं ते माप कायद्याने बंद, सामान्य परवानाधारकाला मिळणारच नाही, मग आपल्याला काय त्याचं? आपल्याला आहे. का ते माझ्या घरातल्या प्रसंगावरून सांगतो.

सांगलीत माझ्या मेहुण्याची हळदीची आडत आहे. रोकड ने-आण करावी लागायची म्हणून सासऱ्यांनी परवाना काढला होता. त्यांच्यामागे ते ३२ बोअरचं पिस्तूल रीतसर मेहुण्याच्या नावावर झालं. एका संध्याकाळी गल्ला बंद करताना त्याने ते रिकामं करायला काढलं, नळी भिंतीकडे धरली, अंगठ्याने सेफ्टी, म्हणजे बार अडवून ठेवणारी कळ, सरकवली आणि बार उडाला. भिंतीला लावलेल्या हळदीच्या पोत्यात गोळी शिरली. हमाल नुकताच तिथून बाहेर पडला होता. मेहुणा रडत रडत सांगत होता, भाऊजी, देवाशप्पथ सांगतो, माझं बोट बाहेर होतं. कुणी विश्वास ठेवला नाही. खरं सांगायचं तर मीही नाही ठेवला. फौजेत "बोट नव्हतं लावलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, आणि बहुतेक वेळा ते खोटं निघालं होतं. हत्यार जमा झालं. कागदावर "हाताळणीतील निष्काळजीपणा" असा शेरा पडला. आठ महिन्यांनी समज देऊन ते परत मिळालं.

परत आलेलं पिस्तूल मी हातात घेतलं. मॅगझिन काढलं, वरची स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ते घर, डोळ्याने पाहिलं, करंगळी घालून पाहिलं. मग आम्ही रिक्रूटला शिकवतो ती साधी तपासणी केली. घोडा (ट्रिगर नव्हे, मागचा आपटणारा भाग) चढवायचा, सेफ्टी लावायची, ट्रिगर जोरात ओढायचा, सोडून द्यायचा आणि मग नुसती सेफ्टी काढायची. घोडा जागचा हलता कामा नये. मी सेफ्टी काढली आणि खाडकन घोडा पडला. पुन्हा केलं, पुन्हा पडला. चार वेळा केलं, तीन वेळा पडला. माझ्या हाताला घाम फुटला. घोडा अडवून धरणारा जो सियर, त्याची धार झिजून गोल झाली होती. सेफ्टी लावलेली असताना ट्रिगरला जरासा धक्का लागला की सियर निम्मा सुटायचा, आणि सेफ्टी काढली की उरलेला. म्हणजे तो बार उडाला तेव्हा मेहुण्याचं बोट खरंच ट्रिगरवर नव्हतं. घरात मी एकटा हे काम जाणणारा, आणि त्याला खोटं ठरवणाऱ्यांत मीही होतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ही तपासणी करायला अर्धा मिनिट लागतं. आठ महिन्यांत ती कुणी केल्याचं कागदांवर दिसलं नाही. दुरुस्ती मला करता आली नाही आणि मी केलीही नाही, कारण आपल्या शस्त्र कायद्यात हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो. परवानाधारक कारागिराकडे नेऊन सियर बदलून घेतला.

आता आपल्या जिल्ह्यांचं बघा. पाटण, जावळीकडे शेतीसंरक्षणाच्या बंदुका आहेत, त्यात ठासणीच्याही आहेत. माजी सैनिकांकडे बारा बोअर आहेत. व्यापाऱ्यांकडे वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर आहेत. शस्त्र नियम २०१६ ने नवा परवाना मागणाऱ्याला सुरक्षा प्रशिक्षणाची अट घातली, ते चांगलंच झालं. पण माणूस शिकवला तरी हत्यार झिजतंच. परवाना नूतनीकरणाला कागद तपासतात, नंबर जुळवतात. सियर, सेफ्टी, काडतुसावर ठोका देणारी फायरिंग पिन बघितल्याचं मला आठवत नाही.

मात्र एक दिवस असा येतो की ही हत्यारं एकाच छपराखाली येतात. निवडणूक. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशी दोनदा आम्ही हत्यारं पोलीस ठाण्यात जमा केली. लोकसभेच्या वेळी माझ्यापुढे एक वयस्कर शेतकरी उभे होते. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. अंमलदार नंबर वाचायला वाकला, नळी सरळ त्याच्या छातीकडे. मी "थांबा" म्हणून ते उचललं, चक्र बाहेर काढलं. सहाच्या सहा काडतुसं भरलेली. आजोबा म्हणाले, कायम भरलेलंच असतंय. माझे सासरे त्यांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहाऐवजी पाचच भरायचे, घोड्याखालचं घर रिकामं, म्हणजे खाली पडलं तरी बार उडायला नको. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. या आजोबांना कुणीच शिकवलं नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष मी मानत नाही.

म्हणून सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाला विनंती आहे. पुढच्या निवडणुकीला हत्यारं जमा होतील तेव्हा पोलीस मुख्यालयातला आर्मरर एक-एक दिवस प्रत्येक ठाण्यात बसवा. त्याने प्रत्येक हत्यार रिकामं आहे का बघावं, सेफ्टीची तपासणी करावी आणि सापडेल तो दोष मालकाला लेखी द्यावा. बोट न लावता बार उडाला अशी तक्रार कुणी केली, तर शेरा मारण्याआधी हत्यार तपासलं जावं आणि त्याची नोंद राहावी. एकाच बनावटीच्या चार तक्रारी आल्या तर निदान त्या चार आहेत हे तरी कुणाला कळेल.

आणि परवानाधारक बांधवांना आजच सांगतो. घरात चेंबर रिकामं ठेवा. सेफ्टीवर विसंबू नका. वर सांगितलेली तपासणी करायची असेल तर काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत ठेवून या, चेंबर दोनदा बघा, आणि करता येत नसेल तर जाणकाराकडे न्या.

मनुष्यबळ नाही असं उत्तर येऊ शकतं. माझ्यासारखे निवृत्त आर्मरर या जिल्ह्यात बरेच आहेत. अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली बसायला सांगितलं तर मी विनामोबदला येईन. पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी), चिंध्या आणि तेल माझं मी आणीन.

आपला नम्र,
एक माजी सैनिक
ता. कोरेगाव, जि. सातारा