'कडे' की 'कडून'?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पानावरची हवामानाची चौकट मी रोज चहाबरोबर वाचतो, राशिभविष्याच्याही आधी. धंदा मंडपाचा. दांडिया बाजारात वडिलांपासून बांबू, कनाती आणि सुतळी यांतच दिवस गेले. लोक त्या चौकटीत पारा बघतात, मी वारा बघतो.

मे महिन्यात एके दिवशी तिथे छापलं होतं, 'वारा नैर्ऋत्येकडे, ताशी 18 किमी'. संध्याकाळी अकोट्याला एका प्लॉटवर रिसेप्शन होतं. मी दुसऱ्या साइटवर. पोरांनी शब्दाला शब्द धरून अर्थ लावला, वारा नैर्ऋत्येकडे जाणार म्हणजे ईशान्येकडून येणार. ईशान्येच्या कनातीला दुहेरी ताण दिले, नैर्ऋत्येला एकेका दोरीवर भागवलं. वास्तविक मे महिन्यात संध्याकाळी बडोद्याचा वारा पश्चिमेचा नाहीतर नैर्ऋत्येचा, हे बाबांनी मला शाळेत असताना शिकवलेलं. पण हल्लीची पोरं छापील शब्दाला मानतात, त्यांना काय बोलणार?

सहाच्या सुमाराला एक झोत आला. नैर्ऋत्येची कनात शिडासारखी फुगली, मेख उपटली, बांबू आडवा झाला तो थेट दहीवड्यांच्या टेबलावर. कुणाला लागलं नाही, हे नशीब. यजमान मात्र मलाच विचारत होते, "काका, छापामां तो अढार ज लख्युं हतुं ने?"

छापलं अठराच होतं, आणि ते खोटंही नसेल. अंदाजातला वेग सरासरीचा असतो. मोकळ्या जागी जमिनीपासून 10 मीटर उंचीवर, साधारण 10 मिनिटांची सरासरी. झोत मोजतात तो 3 सेकंदांचा, आणि मेख उपटतो तो झोतच. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आमची 12 बाय 20 फुटांची कनात घ्या. ताशी 18 किमीच्या वाऱ्यात तिच्यावर ढोबळ हिशेबाने 35 किलोंचा रेटा येतो. 36 किमीच्या झोतात तोच 140 किलो! एका दोरीवर.

दिशेचा घोळ निव्वळ एका प्रत्ययाचा आहे. हवामानशास्त्रात वाऱ्याला नाव पडतं ते तो जिथून येतो त्या दिशेचं. म्हणजे 'नैर्ऋत्येकडून' किंवा 'नैर्ऋत्येचा'. 'कडे' लिहिलं की मंडप उलटा बांधला जातो. मोबाइलवर तर आणखी गंमत. शेजारी अक्षरं नैर्ऋत्येची आणि पुष्कळ ॲपमध्ये बाणाचं टोक ईशान्येला, कारण बाण वारा कुठे चाललाय ते दाखवतो. दोन्ही बरोबर, आणि वाचणारा गोंधळात.

बाबांकडे ॲप नव्हतं. ते उंच बांबूच्या टोकाला आईच्या जुन्या लुगड्याचा काठ बांधत आणि खाली रस्त्यावर नजर ठेवत. कागद उडायला लागले की दुसरा ताण द्यायचा, असा त्यांचा नियम. ब्रिटिश आरमारातल्या ब्यूफोर्टच्या नावाने चालणाऱ्या मोजपट्टीतही ताशी 20 ते 28 किमीच्या वाऱ्याची खूण हीच दिलेली आहे, धूळ आणि सुटे कागद उडणं. हे मला फार उशिरा कळलं. बाबांना सांगायला हवं होतं.

तर विनंती एवढीच, की चौकटीत 'नैर्ऋत्येकडून, सरासरी 18, झोत 36' असं छापावं. झोत कोणत्या वेळी अपेक्षित आहे तेही देता आलं तर उत्तम. जागेची अडचण असेल तर चौकटीतला सुविचार थोडे दिवस वगळावा, आमची तक्रार नाही. गणपतीच्या मंडपांचे खड्डे श्रावणातच पडायला लागतात. त्याच्या आत हा बदल झाला तर चौकट कापून रोज टेम्पोच्या काचेवर चिकटवायचं मी पोरांना सांगून ठेवलं आहे.

आपला,
एक मंडपवाला
दांडिया बाजार, बडोदे