कर्करोग-सेवेचा अभ्यास

महोदय,

कर्करोगावर औषध शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची बातमी होते. मात्र निदानानंतर उपचार सुरू होईपर्यंत किती काळ गेला आणि रुग्णाने ते अर्धवट का सोडले, हे वर्षानुवर्षे तपासणारा आरोग्य-धोरण संशोधक सहसा दुर्लक्षितच राहतो. १९८२ पासूनचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आणि २०१२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय कर्करोग ग्रीड (कर्करोग रुग्णालयांचे देशव्यापी जाळे) यांमुळे अशा अभ्यासाला किमान पाया तरी मिळाला. गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) आहे, उपचारांच्या खर्चासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनाही आहे. तरीही काणकोण किंवा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यातून येणाऱ्या रुग्णाचा प्रवासखर्च आणि सोबत आलेल्या नातलगाची बुडालेली मजुरी (खरा भार पुष्कळदा हाच असतो) यांची पद्धतशीर मोजदाद व्हायला हवी. त्यासाठी सरकारने गोमेकॉत कायमस्वरूपी संशोधनपद निर्माण करावे, प्रकल्पापुरते कंत्राटी नव्हे.

– एक वाचक, फोंडा