रडवणाऱ्या पुस्तकाशी भांडताही यावं

मडगाव

चि. बाय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर ‘झाडाझडती’ संपवल्याचं सांगितलंस आणि पुढे तुझ्याने बोलवेना. आता वाचक मंडळात त्यावर बोलायचं आहे, तर काय बोलू, असं विचारलंस. ‘अंतर्मुख करणारी कादंबरी’, ‘मन हेलावून गेलं’ असली तयार वाक्यं तेवढी नको. ती कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. तू नेमकी कुठे थांबलीस, पुस्तक मिटून खिडकीपाशी कधी गेलीस, ते आठव. पुष्कळदा ती जागा मोठ्या प्रसंगाची नसतेच.

माझं सांगते. मी फोंड्याची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा कुर्डी पाण्याखाली जाऊन काही वर्षं झाली होती. साळावलीच्या धरणात सासरचं गाव गेलं, पुनर्वसनात वाडेंला प्लॉट मिळाला, एवढं मला ठाऊक होतं. घरात त्यावर कुणी बोलत नसे. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९९१ची. मी ती गोमंत विद्या निकेतनच्या वाचनालयातून आणली होती. धरणग्रस्तांचे हाल वाचताना डोळ्यांत पाणी येतच होतं, पण मला हलवलं ते कागदांनी. पंचनामे, दाखले, सह्या, पुन्हा हेलपाटे. लेखक स्वतः प्रशासनात अधिकारी होते, त्यामुळे कचेरीतला माणूस कसा बोलतो आणि कसा टाळतो हे त्यांनी अचूक टिपलं आहे. घर जाण्याआधी घराची यादी होते, हे तिथे वाचलं आणि मी उठून तुझ्या आजीकडे गेले.

आजी स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होती. तिला दोन पानं वाचून दाखवली. बायका रडतात तो भाग होता. तिने हात न थांबवता ऐकलं आणि म्हणाली, “रडपाक वेळ खंय आशिल्लो गो? माड मेजपाचे आशिल्ले.” रडायला वेळ कुठे होता, माड मोजायचे होते. मग ती एकेक सांगत गेली. मोजणीला माणसं आली तेव्हा आजोबा त्यांच्यामागून कुळागरात, माड-पोफळींच्या बागेत, फिरत होते. फळ धरणारा माड वेगळा, रोपटं वेगळं. नुकत्या लावलेल्या पोफळी राहून जातील म्हणून आजी स्वतः बोट दाखवत गेली. रडू आलं ते पुढे, वाडेंच्या घरात, विहिरीकडे जायला म्हणून उठली आणि विहीर कुठल्या बाजूला हेच सुचेना तेव्हा.

त्या दिवशी मी आजीला पहिल्यांदा ओळखलं असं मला वाटतं. पुस्तकाने केलं ते एवढंच, पण ते फार मोठं होतं. आणि त्याच दिवशी पुस्तकाशी माझं भांडणही सुरू झालं. आजीला त्यातला राग पटला, आक्रोश पटला नाही. “आमी अशीं नासलीं,” म्हणाली, म्हणजे आम्ही अशी नव्हतो. मला आजही कादंबरीचा काही भाग जास्त गडद रंगवलेला वाटतो. तुला तसं वाटत नसेल तर तसं सांग, मात्र पान दाखवून सांग. ज्या पुस्तकाने आपल्याला रडवलं त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, असं मनाशी धरू नकोस. उलट त्यालाच विचारायचे. जे पुस्तक नुसतं चाळून ठेवलं त्याच्याशी भांडायला कोण जातं?

आणखी एक. कुर्डीचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. ते झालं हे चांगलंच झालं. पण कादंबरी वाचल्यावर मी तिथे उभी राहिले तेव्हा देवळाकडे पाहता पाहता आजीच्या पोफळी डोळ्यांसमोर आल्या. आपल्या नळाला येणारं पाणी साळावलीचंच. बऱ्याचशा दक्षिण गोव्याची तहान ते भागवतं, म्हणून धरण नकोच होतं असं मी म्हणणार नाही. पण ते पाणी कुणाच्या अंगणावरून आलं हे आपल्या घरात तरी माहीत असायला हवं. मंडळात बोलशील तेव्हा हे बोल. तिथल्या मुलींना कुर्डी माहीत नसेल, फार तर गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं नाव ऐकलं असेल. तेवढ्या धाग्यावरून गावापर्यंत नेता येईल.

पुढचं पुस्तक म्हणून ‘स्मृतिचित्रे’ पाठवते आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा नवरा ख्रिस्ती झाला, पुढे त्याही झाल्या. घर मोडणं आणि पुन्हा बांधणं त्यांनी इतक्या सरळपणे लिहिलं आहे की हसता हसता गळा दाटतो. गोव्यात जन्मलेल्या मुलीने तर ते वाचायलाच हवं. पण लगेच नको, आठ दिवस जाऊ देत. एका जड पुस्तकावर दुसरं घेतलं की दोन्ही अर्धवट राहतात.

मे महिन्यात पाणी उतरलं की कुर्डीत सोमेश्वराचा उत्सव असतो. आजीला यंदा जायचंच आहे. गुडघ्यांमुळे एकटीला जमणार नाही, तेव्हा परीक्षा संपली की तिकीट काढ. तोवर रविवारी संध्याकाळी तिला फोन कर आणि मोजणीचं विचार. मला सांगितलं नाही असं बरंच तिच्याकडे आहे, नातीला सांगेल.

तुझी,
आई