शून्य सातने सुरू होणारा प्रत्येक फोन परका नसतो

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत अनोळखी फोन कसे ओळखावेत याविषयी आपण जी चौकट छापली आहे, ती वाचून हे पत्र लिहीत आहे. क्रमांक शून्य दोनने सुरू झाला तर तो आपल्या राज्यातला, तो निर्धास्त उचलावा; शून्य सातने किंवा दुसऱ्या कोणत्याही आकड्याने सुरू झाला तर तो परराज्यातला, तो मुळीच उचलू नये, असा तो सल्ला आहे. लोकांची फसवणूक टळावी हा आपला हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु सल्ला चुकीचा आहे आणि तो आपण दुसऱ्यांदा छापला आहे. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी हीच चौकट जवळजवळ याच शब्दांत आली होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवल्याने आमच्या घरी काय झाले ते आपल्याला कळायलाच हवे.

मी रावेरला बसस्थानकाजवळ चौदा वर्षे एसटीडी-पीसीओ, म्हणजे पैसे देऊन परगावी फोन लावण्याचे दुकान, चालवला. पिवळी पाटी, काचेची खोली आणि डोक्यावर लाल आकडे पळवणारे मीटर, असा तो काळ होता. केळीचे व्यापारी सकाळी सकाळी दिल्लीच्या आझादपूर मंडीतला भाव विचारायला ०११ लावायला सांगत, सुरतेत कामाला गेलेल्या मुलांच्या आया ०२६१ साठी रात्री दर उतरण्याची वाट पाहत बाकावर बसून राहत. पुठ्ठ्यावर मी कोडची, म्हणजे परगावच्या क्रमांकाआधी लावायच्या आकड्यांची, यादी लिहून टांगली होती, पण वर्षभरात मला तिच्याकडे पाहावे लागेनासे झाले. त्यामुळे कोड म्हणजे काय आणि तो काय सांगू शकतो, हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही.

शून्य दोन म्हणजे महाराष्ट्र हे समीकरणच मुळात खरे नाही. सुरत ०२६१ आणि वडोदरा ०२६५, ही दोन्ही शहरे गुजरातेत असून शून्य दोनमध्येच आहेत. उलट नागपूर ०७१२, अमरावती ०७२१ आणि अकोला ०७२४, म्हणजे आपला विदर्भ शून्य सातमध्ये आहे. आपले वार्ताहर मुक्ताईनगरला जात असतीलच. त्या गावाचा कोड ०२५८३ आहे आणि तिथून पुढच्या मलकापूरचा ०७२६७. दोन्ही गावे महाराष्ट्रात आहेत, दोन्हींकडे सोयरिकी होतात, आणि आपल्या चौकटीच्या हिशेबाने मलकापूरच्या व्याह्यांचा फोनसुद्धा उचलायचा नाही. कोडचे पहिले आकडे देशाचे मोठे विभाग दाखवतात, राज्यांच्या सीमा ते पाळत नाहीत.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझी थोरली बहीण रावेर तालुक्यातच एका खेड्यात राहते. आम्हा रावेरकरांना भुसावळपेक्षा बऱ्हाणपूर जवळ आहे. कापड घ्यायला, डॉक्टरला दाखवायला, लग्नाचा बस्ता बांधायला आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच जातात. एके काळी फारुकी सुलतानांच्या खान्देशाची राजधानीच तिथे होती. आज ते शहर मध्य प्रदेशात आहे आणि त्याचा कोड ०७३२५ आहे, एवढाच काय तो फरक.

मागच्या श्रावणात आमचे दाजी मोटारसायकलीवरून बऱ्हाणपूरला गेले असता रस्त्यात घसरून पडले. मांडीचे हाड मोडले आणि मोबाइल फुटला. लोकांनी त्यांना तिथल्या एका रुग्णालयात पोहोचवले. खिशातल्या डायरीत अक्काचा क्रमांक होता, तो पाहून रुग्णालयाने आपल्या टेबलावरच्या फोनवरून तिला फोन लावला. अक्का त्या वेळी भाकरी थापत होती. तिच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या शेजारी आपल्या पुरवणीतले ते कात्रण माझ्या भाच्याने भाताच्या शिताने चिकटवले होते, आणि एका कोपऱ्याला हळदीचे बोट लागले होते. तिने पिठाच्या हाताने फोन उचलून पडद्यावरचे आकडे वाचले, ०७३२५. मग कात्रण वाचले आणि फोन परातीशेजारी पालथा घालून ठेवला. असे चार वेळा झाले. शस्त्रक्रियेच्या कागदावर घरच्या माणसाची सही हवी म्हणून तिकडे डॉक्टर थांबले होते. दिवेलागणीला केळीच्या गाडीवरचा गावातलाच एक चालक निरोप घेऊन आला, तेव्हा घरात समजले. दाजी वाचले, पण सकाळची शस्त्रक्रिया रात्री झाली, आणि तो सगळा दिवस त्यांनी वेदनेत एकट्याने काढला. "चार वेळा नंबर पाहिला रे, आणि चारही वेळा कागद पाहिला," एवढेच अक्का मला म्हणाली. ती कमी शिकलेली बाई आहे. छापलेले खरे असते असे ती मानते, आणि तिने तसे मानावे यात तिची काही चूक नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिले तरी हा सल्ला धोक्याचाच आहे. शून्य दोन पाहून निर्धास्त व्हा, असे आपण म्हणता. पण परदेशातून केलेला फोन भारतातला क्रमांक दाखवून येऊ शकतो, आणि असे फोन अडवण्यासाठी सरकारला ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतंत्र यंत्रणा सुरू करावी लागली. म्हणजे पडद्यावर जळगावचा ०२५७ दिसला म्हणून बोलणारा जळगावातच बसला आहे, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय कोडचा उपयोग फक्त तारेच्या फोनपुरता आहे. मोबाइलच्या पहिल्या चार आकड्यांवरून जिल्हा कळतो, असे जे आपण शेवटी लिहिले आहे ते तर कधीच खरे नव्हते. त्या आकड्यांवरून क्रमांक मुळात कोणत्या कंपनीने कोणत्या परिमंडळात, म्हणजे फोनसेवेच्या विभागात, दिला एवढेच कळत असे, आणि मुंबई सोडून उरलेला सारा महाराष्ट्र गोव्यासह एकाच परिमंडळात येतो. जानेवारी २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि जुलै २०१५ पासून राज्य बदलले तरी क्रमांक तोच ठेवता येतो. माझा पुतण्या सुरतेत राहतो आणि त्याचा महाराष्ट्रात घेतलेला क्रमांक अजून ९४२२ नेच सुरू होतो.

एक बारकावा मात्र आपण खरोखर छापायला हवा होता. कोडमधले शून्य वगळले तर कोड आणि स्थानिक क्रमांक मिळून देशात सगळीकडे दहाच आकडे होतात. मुंबईचे २२ आणि पुढे आठ, जळगावचे २५७ आणि पुढे सात, रावेरचे २५८४ आणि पुढे सहा, अशी ती रचना आहे. पण मोबाइलच्या पडद्यावर बऱ्याचदा ते शून्य जाऊन त्या जागी अधिक ९१ येते, आणि मग बऱ्हाणपूरचा टेबलावरचा फोनसुद्धा सातने सुरू होणाऱ्या एखाद्या दहा आकडी मोबाइलसारखा दिसतो. हे ठाऊक असले तर माणूस निदान थांबून दुसऱ्यांदा विचार करील. १४० ने सुरू होणारे क्रमांक जाहिरातीच्या फोनसाठी आहेत आणि बँका, विमा कंपन्या यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ची मालिका ठरवून दिली आहे, हेही दोन ओळींत सांगता आले असते. आणि सर्वांत आधी हे सांगायला हवे होते की फोन उचलल्याने पैसे जात नाहीत. समोरच्याला ओटीपी सांगितल्याने, त्याने पाठवलेले ॲप उतरवून घेतल्याने किंवा त्याच्या धाकाने पैसे पाठवल्याने जातात, आणि तसे झालेच तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा असतो. अक्काला एवढे कळले असते तर तिने पहिल्याच वेळी फोन घेतला असता.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक सांगतो. आपल्या शेवटच्या पानावर रुग्णालये, रक्तपेढ्या आणि अग्निशमन दल यांचे जे क्रमांक रोज येतात, त्यांतले जळगावचे सगळे क्रमांक कोडशिवाय छापलेले असतात. जळगाव शहरात तारेचा फोन असलेल्या घराला ते चालत असतील. रावेर, यावल, चोपड्याच्या माणसाने ते सात आकडे मोबाइलवर तसेच दाबले तर फोन लागत नाही, आणि रात्री रक्ताची पिशवी शोधत फिरणाऱ्या माणसाला कोड शोधण्याची उसंत नसते. जागा वाचवण्यासाठी हे केले असेल तर ओळीच्या डोक्यावर एकदाच ०२५७ छापले तरी पुरेल. त्याचप्रमाणे जानेवारी २०२१ पासून तारेच्या फोनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबावे लागते, हे अजूनही अनेक वृद्धांना माहीत नाही. तेही तिथे एका ओळीत लिहावे.

माझी विनंती एवढीच आहे की चौकटीतल्या चुकीचा खुलासा आतल्या पानावर बारीक अक्षरांत न देता येत्या रविवारच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापावा, म्हणजे ज्यांनी पहिले कात्रण भिंतीवर लावले आहे त्यांना हेही कापून त्याच्यावर चिकटवता येईल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
रावेर, जि. जळगाव